गाडी कुठवर आलीय?

मागच्या दिवाळीत आईला घेऊन तासगावकडच्या आमच्या गावच्या फाट्यावर उभी होते. आईला माहेरी, म्हणजे पाटण खोऱ्यात जायचं होतं आणि त्यासाठी आधी कऱ्हाड गाठायचं होतं. फाट्यावर आम्ही दोघी, एक कॉलेजचा मुलगा, दोन म्हातारे आणि डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, "गाडी कुठवर आलीय?"

मुलानं खिशातून मोबाइल काढून नकाशा उघडला. बाईनं पाटी खाली ठेवली आणि कमरेचा मोबाइल काढून थेट नणंदेला फोन लावला. नणंदेचं घर मागच्या गावात अगदी रस्त्याला लागून.

"वन्सं, कऱ्हाड गेली का वो?"

पलीकडून आलेलं उत्तर आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "न्हाय अजून. आत्ता उसाचा ट्रॅक्टर गेलाय दोन ट्रॉल्यांचा. त्येच्या मागं असंल. ईल की दहा-पंधरा मिन्टात."

मुलानं नकाशा बंद करून फोन खिशात ठेवला. गाडी आली तेव्हा बारा मिनिटं झाली होती. मी घड्याळ लावून बघितलं, कारण तोवर माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. गाडी आत्ता कुठे आहे हे सांगायला जगभर उपग्रह, सर्व्हर आणि पडदे कामाला लागलेत, कोट्यवधी खर्च होतात. आणि त्या वन्संनी उशीर का होतोय हे कारणासकट सांगितलं!

यात यंत्रांची टिंगल करायचा हेतू नाही, हे आधीच सांगते. माझे मामा एसटीत कंडक्टर होते. तिकिटाचं यंत्र हातात आलं तेव्हा ते सुटल्यासारखे झाले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तर हा प्रश्न पडला की एक यंत्र एसटीत इतकं रुळलं आणि दुसरं रुळायला इतकं अडखळलं, असं का? गेले काही महिने मामांना आणि त्यांच्या जुन्या सोबत्यांना विचारत, थोडं वाचत जे हाती लागलं ते लिहून ठेवतेय.

सुरुवात थोडी मागून. आमच्या आजोबांच्या तोंडी एसटीच्या आधीच्या मोटारींना 'सर्व्हिस मोटार' असा शब्द होता. खाजगी मालकाची मोटार, भरली की सुटणार. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा गाड्यांच्या मागे कोळशाची भट्टी बसवून तिच्या गॅसवर त्या चालवल्या गेल्या. चढाला गाडीचा दम संपायचा आणि लोक उतरून ढकलायचे. नवं तंत्र आणि प्रवाशांचे हाल हे नातं तेव्हापासूनचं म्हणायचं! १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली सरकारी गाडी धावली, आणि मग टप्प्याटप्प्यानं एकेका रस्त्यावरून खाजगी मोटारी जाऊन एसटी आली. खेड्यात तिची लगेच 'यष्टी' झाली. तेव्हा सांगली हा वेगळा जिल्हासुद्धा नव्हता. १९४९ साली साताऱ्यातून 'दक्षिण सातारा' निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. पण एसटीला जिल्ह्याच्या हद्दीचं काय? कऱ्हाड, इस्लामपूर, विटा, तासगाव, मिरज हा सगळा एकच गोतावळा. सोयरीकही तशीच पसरलेली आणि गाड्याही तशाच.

आता मामांच्या पेटीकडे येते. आमच्या घरातल्या मंडळींना ही पेटी पाठ आहे, त्यांनी हवं तर पुढच्या दोन परिच्छेदांवरून उडी मारावी.

मामा १९७९ साली लागले. कंडक्टरकडे तेव्हा एक धातूची पेटी असायची. तिच्यात वेगवेगळ्या किमतींच्या रंगीत तिकिटांचे गठ्ठे चापाखाली लावलेले. भाडं टप्प्यावर ठरतं, एक टप्पा सहा किलोमीटरचा. आता समजा कुणाचं भाडं सतरा रुपये झालं, तर सतराचं तिकीट नसायचं. दहाचं, पाचाचं आणि दोनाचं अशी तीन तिकिटं फाडायची, चिमट्यानं योग्य त्या आकड्यावर भोक पाडायचं, पैसे घ्यायचे, सुटे परत करायचे, आणि हे सगळं हलत्या गाडीत, दांडीला पाठ टेकून, दोन्ही हात मोकळे ठेवून. सुटे नसले तर तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून द्यायची आणि ती उतरताना परत करायची आठवण ठेवायची.

खरी परीक्षा वेबिलाची. प्रत्येक गठ्ठ्याचा सुरुवातीचा नंबर त्यात लिहिलेला असायचा. ठरावीक टप्प्यांवर चालू नंबर भरायचे, म्हणजे मध्येच तपासणीला कुणी चढलं तर किती तिकिटं फाटली आणि गाडीत माणसं किती याचा मेळ घालता यायचा. शेवटी अखेरच्या नंबरातून सुरुवातीचा नंबर वजा, गुणिले किंमत, अशा सगळ्या गठ्ठ्यांची बेरीज, आणि तेवढी रोकड काउंटरला. कमी भरली तर खिशातून घालायची. मामांचं गणित पक्कं, पण बाजाराच्या दिवशी ऐंशी माणसं गाडीत असताना दोन तिकिटं एकमेकांना चिकटून गेली तर गणित काय करणार? मामी सांगते, मंगळवारी रात्री ते झोपेत आकडे पुटपुटायचे. पैशापेक्षा भीती नावाची असायची. एकदा 'त्याच्या पेटीत फरक आला' असं झालं की तो माणूस चार लोकांत खाली मान घालून चालायचा, मग चूक बेरजेची का असेना.

आणि या सगळ्यात दोरीची घंटी! एक घंटी दिली की थांब, दोन दिल्या की चल. गर्दीत मागच्या टोकाला अडकलेला कंडक्टर आणि पुढचा ड्रायव्हर यांच्यातलं सगळं दळणवळण त्या एका दोरीवर. मामा म्हणतात, बत्तीस-तेहतीस वर्षांत दोरी तुटली चार-पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी सुतळीनं पाच मिनिटांत दुरुस्त झाली.

२००० च्या दशकाच्या अखेरीस एसटीत तिकिटाची इलेक्ट्रॉनिक यंत्रं यायला लागली. मामांच्या आगारात ती आली तेव्हा त्यांची निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली होती. प्रशिक्षणाला जाऊन आले आणि घरी येऊन म्हणाले, "आता ह्या वयात बटणं शिकू व्हय?" पहिले दोन महिने त्यांनी यंत्रही वापरलं आणि शर्टाच्या खिशात एक छोटी वही ठेवून त्यात पेन्सिलीनं रेघाही ओढल्या. एक माणूस चढला की एक रेघ. संध्याकाळी यंत्राची बेरीज आणि वहीतल्या रेघा ताडून बघायचे. दोन महिन्यांनी वही बंद झाली. कारण विचारलं तर म्हणाले, "वहीच चुकायली."

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. यंत्रानं मामांच्या मानेवरचं एक जोखड उतरवलं. नंबरांची वजाबाकी गेली, रात्रीचं पुटपुटणं गेलं. तपासणीला कुणी आलं तर बटण दाबून कागद हातात. इकडे महामंडळालाही कोणत्या फेरीत कोणत्या टप्प्याला किती माणसं चढली हे दिवसाच्या दिवस कळायला लागलं. पूर्वी ती माहिती वेबिलांच्या ढिगात असायची आणि ढीग उपसायला माणसं नसायची.

अडचणी नव्हत्या असं नाही. आमच्या भागातली सगळ्यात मोठी अडचण कुणाच्या आराखड्यात असेल असं मला वाटत नाही. ती म्हणजे मुक्कामी गाडी. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आडगावाला जाणारी शेवटची गाडी रात्री तिथेच थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर गावात झोपतात आणि पहाटे तीच गाडी दूध, भाजी, कॉलेजची पोरं आणि कोर्टाच्या तारखा घेऊन तालुक्याला निघते. पाटणच्या डोंगरात आणि जतच्या पलीकडच्या माळावर अशा मुक्कामी गाड्यांवर गावाचं घड्याळ लागलेलं असायचं. आता ती वर्षं आठवा. ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तास लोडशेडिंग. पेटीला वीज लागत नव्हती, यंत्राला लागते. रात्री देवळात किंवा शाळेच्या व्हरांड्यात झोपणाऱ्या कंडक्टरनं यंत्र चार्ज कुठं करायचं? मामांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे गावातली पिठाची गिरणी. वीज कधी येणार हे गावात सगळ्यात आधी गिरणीवाल्याला ठाऊक असतं. यंत्र त्याच्याकडे ठेवायचं आणि पहाटे उचलायचं. कधी वीज आलीच नाही तर सोबत दिलेल्या कागदी तिकिटांवर फेरी करायची.

पुढे ती यंत्रं जुनी झाली. बॅटऱ्या टिकेनात, बटणं दबेनात. २०२१-२२ च्या सुमारास राज्यात ठिकठिकाणी कंडक्टरांच्या हाती पुन्हा कागदी तिकिटं आली होती. मुंबईत बेस्टवरही त्याआधी काही वर्षं हीच वेळ आली होती. तोवर मामा निवृत्त झाले होते. त्यांना फोन करणारे त्यांच्या हाताखालचे तरुण कंडक्टर विचारायचे, "काका, वेबिलात टप्प्याचा नंबर कुठं भरायचा?" दहा वर्षांत एक विद्या विसरली गेली होती. यंत्र घेताना ते मोडल्यावर काय करायचं हे कुणी शिकवत नाही. पेटी मोडली तर लोहार होता.

तरीही तिकिटाचं यंत्र टिकलं. नवी यंत्रं आली, मोबाइलवरून पैसे घेणारी. 'सुटे द्या' ही एसटीतली सनातन लढाई त्यानं पुष्कळ निवळली. (२०१८ साली अठरा टक्के भाडेवाढ झाली तेव्हा भाडी पाचाच्या पटीत केली होती, तीसुद्धा सुट्यांपायीच. सॉफ्टवेअर न घेता सुटलेला प्रश्न म्हणून मी तो लक्षात ठेवलाय.) आणि आता तर यंत्राशिवाय एसटीचं पानच हलणार नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. ह्या सवलतींचे पैसे राज्य सरकारनं महामंडळाला भरून द्यायचे. किती द्यायचे? जेवढी तिकिटं फाटली तेवढ्यांचे. म्हणजे आईला मिळणारं शून्य रुपयांचं तिकीट हे खरं तर सरकारच्या नावावरचं बिल असतं. पेटीत शून्याचा गठ्ठा कुठून आणणार होतो? विद्यार्थी, ज्येष्ठ, अपंग, आजारी असे सवलतींचे तीसच्या आसपास प्रकार, आणि त्यातला प्रत्येक वेगळा मोजायचा. हे काम माणसानं हलत्या गाडीत करावं अशी अपेक्षा धरणं निर्दयपणाच आहे.

त्यामानानं दुसरं यंत्र, गाडीचा ठावठिकाणा सांगणारं.

ही कल्पना काही आजची नाही. लंडनमध्ये १९५० च्या दशकाच्या शेवटी बसच्या अंगावर परावर्तक पट्ट्या लावून रस्त्याकडेच्या यंत्रांनी त्या वाचायचा प्रयोग झाला होता, म्हणजे नियंत्रण कक्षात बसून कोणती बस कुठून गेली ते दिसावं. आपल्या शेजारी म्हैसूरला २०१२ साली सुमारे पाचशे बसवर जागतिक बँकेच्या मदतीनं अशी व्यवस्था बसवली. पुढची गाडी किती मिनिटांत येईल ते थांब्यावरच्या पाटीवर दिसायचं. २०१६ मध्ये बंगळूरनं तेच फार मोठ्या प्रमाणावर केलं, पण प्रवाशांच्या मोबाइलपर्यंत ती माहिती धड पोचवायला आणखी काही वर्षं आणि नवं ॲप लागलं. आपल्या एसटीनं २०१९ मध्ये नाशिककडून सुरुवात केली. त्याच वर्षापासून देशभर नव्या सार्वजनिक गाड्यांना ठावठिकाण्याचं यंत्र आणि संकटकाळी दाबायचं बटण बंधनकारक झालं.

यंत्र काय करतं? उपग्रहांवरून गाडीची जागा समजून घेतं आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून ती सर्व्हरला कळवतं. बोलताना आपण ह्या दोन गोष्टी एक करतो, पण सगळी मेख तिथेच आहे. कोयनेच्या खोऱ्यात उपग्रह दिसतो, टॉवर दिसत नाही. गाडीला आपण कुठं आहोत ते ठाऊक असतं, सांगायला कुणी नसतं. रेंज आली की मागचं सगळं एकदम सांगून टाकते, तोवर गाडी दोन गावं पुढे गेलेली. तिकिटाच्या यंत्राचं तसं नाही. त्यानं दिवसभराचं पोटात ठेवून रात्री डेपोत सांगितलं तरी पैसा तेवढाच राहतो. गाडी कुठे आहे ही बातमी मात्र दहा मिनिटांत शिळी होते.

पण मामांच्या सोबत्यांशी बोलताना कळलेली अडचण रेंजपेक्षाही खोल आहे. यंत्र असतं गाडीला, आणि प्रवासी वाट बघतो ती फेरीची. 'सातची कऱ्हाड' ही काही गाडी नव्हे, ते एक वचन आहे. ते वचन आज कोणती गाडी पाळणार हे डेपोत सकाळी ठरतं आणि ते कुणीतरी संगणकाला सांगावं लागतं. आता सकाळी साडेसहाला एका गाडीचा क्लच गेला. कंट्रोलरनं शिराळ्याला जायची गाडी कऱ्हाडला सोडली, शिराळ्याला दुसरी काढली, एक ड्रायव्हर आला नाही म्हणून तिसऱ्या फेरीची वेळ अर्ध्या तासानं ढकलली. हे सगळं त्यानं पाच मिनिटांत, तोंडी, एका हातात चहाचा कप धरून केलं. चोवीस वर्षांच्या सरावानं येणारी करामत आहे ती! पण हे बदल संगणकात कोण भरणार? त्यानं भरायला बसावं तर स्टँडवरच्या शंभर माणसांना तोंड कोण देणार? मग नकाशावरचा ठिपका खरा असतो, गाडी खरी असते, फक्त ती तुमची नसते. हा घोळ एसटीपुरता नाही. रोजची गाडी आणि रोजची फेरी यांची जोडी जुळवणं हा जगभर अशा व्यवस्थांमधला दुखरा सांधा आहे. शहरी बससेवेत निदान थांबे ठरलेले असतात. आपल्याकडे 'हात दाखवा, एसटी थांबवा' हे एसटीचंच धोरण. आमच्या फाट्याच्या अलीकडे गाडी दोनदा थांबते, एकदा वडाच्या झाडाला आणि एकदा पोल्ट्रीला. वडाचं झाड कुठल्या यादीत घालायचं?

माझ्या मते मुळातला फरक असा की पहिलं यंत्र कचेरीच्या प्रश्नाचं उत्तर देतं, 'आज किती जमा झाले?' त्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर संध्याकाळीच काउंटरवर काम अडतं. म्हणून यंत्र मोडलं की आरडाओरडा होतो आणि नवं येतं. दुसरं यंत्र फाट्यावरच्या प्रश्नाचं उत्तर देतं, 'गाडी कुठवर आलीय?' ह्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर कचेरीत काही अडत नाही. फाट्यावरची बाई वाट बघते, आणखी वाट बघते, आणि मग वडापमध्ये बसून जाते. तिचं न आलेलं तिकीट कुठल्याच यंत्रात नोंदलं जात नाही.

वडाप हा शब्द आमच्या दोन जिल्ह्यांबाहेर किती पोचलाय ठाऊक नाही. जीपमध्ये माणसं कोंबून नेणारी खाजगी वाहतूक. तिचा सगळा धंदा एसटीच्या अनिश्चिततेवर उभा. वडापवाला कंट्रोलरइतकंच वेळापत्रक जाणतो, किंबहुना जास्त, कारण त्याला न सुटलेल्या गाड्याही ठाऊक असतात. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत संप चालला तेव्हा खेड्यातल्या माणसांना तेवढाच आधार उरला होता. त्याआधी कोरोनात गाड्या बंद होत्याच. २०१९ च्या आसपास अठरा हजारांच्या घरात असलेल्या गाड्या नंतर चौदा-पंधरा हजारांपर्यंत उतरल्या. म्हणजे ठावठिकाण्याचं यंत्र आलं आणि ज्यांचा ठावठिकाणा सांगायचा त्या गाड्याच कमी झाल्या. गाडी दर वीस मिनिटांनी असते तेव्हा तिची जागा ठाऊक नसली तरी चालतं. दिवसातून दोनदाच असते तेव्हा ती माहिती म्हणजे जीव की प्राण. आणि दोनदाच असणारी गावं नेमकी रेंज नसलेली!

ह्याच रस्त्यावर एसटीनं यंत्राविना केलेली एक चांगली गोष्टही सांगायला हवी. सातारा-स्वारगेट विनाथांबा. स्टँडवर खिडकीतून तिकीट घ्यायचं, रांगेत उभं राहायचं, गाडी भरली की सुटते, कंडक्टर बरोबर नसतो. 'गाडी कुठवर आलीय' हा प्रश्नच संपवून टाकला, कारण एक गेली की दुसरी लागते. गाड्या भरपूर असल्या की हुशारी कमी लागते. ठिपका दाखवणाऱ्या पडद्याइतकाच विचार फेऱ्या वाढवण्याचा झाला तर बरं, असं मामा कुरकुरतात, आणि त्यांचं मला पटतं.

पण पूर्ण पटत नाही. त्याचं कारण २०१९ चा ऑगस्ट.

त्या आठवड्यात सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. स्टँडच्या परिसरात पाणी, रस्ते बंद, एसटी बंद. तेव्हाही सगळ्या घरांत एकच प्रश्न होता, फक्त त्यातली गाडी जाऊन पाणी आलं होतं. "पाणी कुठवर आलंय?" आमच्या सांगलीतल्या आत्या कऱ्हाडला फोन करायच्या. कारण कृष्णा-कोयनेच्या संगमावर आज जे दिसतं ते काही तासांनी सांगलीच्या दारात येतं, हे तिथल्या प्रत्येक माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वरच्या गावाला विचारायचं आणि खालच्या गावानं तयारीत राहायचं. त्या वन्संना केलेला फोन तो हाच. पण त्या पुरात ही रीत पुरी पडली नाही. फोनच्या बॅटऱ्या संपल्या, एकानं दुसऱ्याला सांगितलेलं तिसऱ्यापर्यंत जाता-जाता फुटांचे आकडे बदलले, आणि २००५ ला इथवर आलं नव्हतं म्हणून आताही येणार नाही अशा भरवशावर माणसं घरात बसून राहिली. आत्या त्यातल्याच. दुसऱ्या मजल्यावर दोन दिवस होत्या, मग होडीतून काढल्या. धरणातून किती क्युसेक सोडले, पुलाजवळ किती फूट आहे, हे दर तासाला, खात्रीचं आणि सगळ्यांना एकाच वेळी कळणं म्हणजे काय, हे त्या दोन दिवसांत आम्हाला कळलं. वन्सं एका फाट्यापुरत्या असतात. ज्यांची नणंद रस्त्याकडेला राहत नाही त्यांनी काय करायचं?

म्हणून नकाशावरचा ठिपका यायला हवा असं मला मनापासून वाटतं. तो भरवशाचा व्हायचा तर त्याच्यामागे मामांच्या वहीसारखे दोन महिने जावे लागतील. कुणीतरी डेपोत बसून रोज ठिपका आणि गाडी ताडून बघायची, फरक निघाला की कारण शोधायचं, आणि 'वहीच चुकायली' असं ज्या दिवशी म्हणता येईल त्या दिवशी वही बंद करायची. कंट्रोलरच्या शेजारी आणखी एक खुर्ची लागेल, एक माणूस लागेल. यंत्राच्या निविदेत ही खुर्ची धरलेली असते का, मला शंका आहे.

असो. फाट्यावरून निघालेली आमची गाडी ट्रॅक्टरच्याच मागून रांगत कऱ्हाडला पोचली. मामा स्टँडवर न्यायला आले होते. आईचं शून्याचं तिकीट त्यांनी हातात घेऊन नेहमीप्रमाणे नंबर, टप्पा, वेळ सगळं वाचून काढलं. पाटणकडची गाडी कितीला आहे विचारायला मी चौकशीच्या खिडकीकडे निघाले तर मामांनी थांबवलं.

"मल्हारपेठेत माझा एक जोडीदार बसतुया चहाच्या टपरीवर. त्येला फोन लावलाय. तिकडनं इकडं यायला निघालेली गाडी आत्ताच त्येच्या म्होरनं गेली म्हणं. तीच माघारी फिरणार. चल, चहा घिऊ तोवर."

आई म्हणाली, "बघ बाबा, मला गुडघ्याचं उभं राहवत न्हाय." आणि तिकीट परत मागून घेऊन पर्समध्ये, २०१९ साली रांग लावून काढलेल्या त्या स्मार्ट कार्डाच्या मागे, नीट घडी घालून ठेवलं.